मळभ आणि मराठीचा वर्ग

नागपूरच्या हिवाळ्याविरुद्ध तक्रार करणे हा आमच्या शहरात जवळजवळ अपराध समजला जातो. मार्च ते जून भाजून निघालेल्या माणसांना नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने म्हणजे वर्षभराच्या सोसण्याची भरपाई वाटते. डिसेंबरात विधिमंडळ अधिवेशनाला येते, चौकाचौकांत संत्र्यांचे ढीग लागतात, हुरड्याची निमंत्रणे येतात, आणि मनीषनगरातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर उन्हाला पाठ देऊन बसलेल्यांची रोज सकाळी सभाच भरते. अशा ऋतूत कोणी उदास वाटते म्हणाले, तर पंक्तीत बसून भूक नाही म्हणणाऱ्याकडे पाहावे तसे लोक त्याच्याकडे पाहतात.

पण याच ऋतूत अधूनमधून चार-सहा दिवस निराळे येतात. उत्तरेकडून सरकणारा पश्चिमी झंझावात आणि बंगालच्या उपसागरावरून येणारे दमट वारे मध्य भारतावर एकत्र आले की शहरावर राखी रंगाचे झाकण बसते. कधी अवकाळी पाऊस, कधी गारा, पुष्कळदा नुसतेच ढग. भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. आमच्याकडे बोलण्यात अशा वेळी ‘आज आभाळ आहे’ असे म्हणतात; ऊन असते तेव्हा जणू आभाळ नसतेच. लिहिताना मात्र आम्ही ‘मळभ’ लिहितो. हा शब्द मराठीने आकाश आणि मन या दोहोंत इतका सारखा वाटून दिला आहे की ‘मळभ दाटले आहे’ एवढ्या वाक्यावरून छत्री घ्यावी की विचारपूस करावी हे कळू नये. या संदिग्धतेवर आम्ही मराठीचे प्राध्यापक वर्षानुवर्षे उपजीविका करीत आलो आहोत. प्रस्तुत टिपण तिच्याविषयी आहे, आणि आमच्या हातून घडलेल्या एका चुकीविषयीही.

आम्ही म्हणजे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवणारे दोन सहकारी. राहायलाही शेजारी, त्यामुळे वर्गातले भांडण जिन्यात पुरे करण्याची सोय आहे. काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आमच्याकडे यवतमाळकडच्या एका खेड्यातला मुलगा होता. (त्याच्या संमतीने हे लिहीत आहोत. मजकूर आधी त्याला वाचायला दिला होता. त्याने एक वाक्य काढायला सांगितले, ते काढले.) मनीषनगरात दोन मित्रांबरोबर तो एका इमारतीच्या मागच्या बाजूची खोली घेऊन राहत असे. खिडकी होती, पण ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडणारी. हात लांब केला तर भिंतीला लागावा. जानेवारीत असेच आभाळ आले आणि त्याच आठवड्यात आम्ही ग्रेस यांच्या ‘संध्याकाळच्या कविता’वर निबंध लिहायला दिला होता. या मुलाने पंधरा पानांचा निबंध आणून दिला. एका रात्रीत लिहिलेला. त्यात संध्याकाळ होती, रिकामे घर होते, आई होती, आणि कुठेही संपत नाही असा एक अंधार होता. भाषा अशी की आमच्यापैकी एकाने दुसऱ्याला रात्री फोन करून दोन परिच्छेद वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी आम्ही तो वर्गात वाचला. ‘उदासीचा इतका आतून आलेला प्रत्यय’ हे शब्द आमचेच. सर्वांत जास्त गुण दिले.

त्यानंतर तो वर्गात आला नाही.

तीन आठवड्यांनी त्याचा खोलीतला मित्र प्राध्यापक-कक्षाच्या दारात येऊन उभा राहिला. तो बी. कॉम.चा, साहित्याशी त्याचा काही संबंध नाही. म्हणाला, ‘‘सर, तो उठतच नाही. डबा तसाच परत जातो. आंघोळ नाही, बोलणं नाही. दुपारी तीनला उठतो आणि पुन्हा झोपतो.’’ यावर आमच्यापैकी एकाने जे उत्तर दिले ते इथे नोंदवणे भाग आहे. उत्तर असे होते : ‘‘काही लिहायला लागला असेल.’’

त्या बी. कॉम.च्या मुलाच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटले त्याला आमच्या शब्दसंग्रहात शब्द होते, पण त्या क्षणी ते सुचले नाहीत.

हा दोष एका वाक्याचा नव्हे, सवयीचा आहे आणि ती सवय जुनी आहे, असे आम्हाला वाटते. मराठीच्या वर्गात ढग येतो तो अलंकार होऊनच येतो. शाळेत बालकवींच्या ‘श्रावणमास’पासून सुरुवात होते. ऊन-पावसाचा तो खेळ इतका गोड आहे की पुढे आयुष्यभर ढग म्हटले की आपण प्रसन्न होण्याच्या तयारीत राहतो. त्याच बालकवींनी ‘उदासीनता’ आणि ‘पारवा’ लिहिल्या. कारण न सापडणाऱ्या खिन्नतेची इतकी साधी कबुली त्या काळच्या मराठी कवितेत क्वचितच आढळते. १८९० साली जन्मलेला हा कवी १९१८मध्ये भादलीजवळ रेल्वेखाली सापडून गेला, तेव्हा त्याने अठ्ठाविसावे वर्षही पुरे केले नव्हते. मृत कवींच्या नाडीवर बोट ठेवून निदान करण्याचा उद्योग आम्हाला करायचा नाही; तो वाङ्मयीन दृष्ट्या निरर्थक आणि माणुसकीच्या दृष्टीने उद्धट आहे. मुद्दा वेगळा आहे. शाळेने मुलांच्या हाती हर्षाची कविता दिली, आणि खिन्नतेची कविता पुढे पदवीच्या वर्गात दिली तीसुद्धा ‘निसर्गकवीच्या प्रतिभेचा दुसरा पैलू’ म्हणून. पैलू हिऱ्याला असतात. ती कविता माणसाची होती.

आमच्या विदर्भापुरते बोलायचे तर ढगाशी आमचे नाते त्याहून जुने आहे. रामटेक येथून पन्नासेक किलोमीटरवर. ‘मेघदूता’तला रामगिरी तो हाच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी साधार मांडले, आणि नागपूरकरांनी ते मत पंचांगाइतके प्रमाण मानले. दरवर्षी आषाढाच्या पहिल्या दिवशी आम्ही यक्षाच्या विरहावर व्याख्याने देतो. चिंतामणराव देशमुख, बोरकर, कुसुमाग्रज, शांता शेळके अशा थोरांचे मराठी अनुवाद हाताशी असल्यामुळे तासभर सहज निघतो. त्या घटनेनंतर आम्ही ‘मेघदूत’ पुन्हा वाचले. शिकवण्यासाठी नव्हे; थोडे घाबरून.

तेव्हा लक्षात आले की कालिदासाने आम्हाला काहीच लपवून ठेवले नव्हते. दुसऱ्याच श्लोकात यक्षाच्या हातातले सोन्याचे कडे गळून पडले आहे. मनगट रिकामे आहे. आठ महिन्यांत माणूस एवढा वाळला आहे! आम्ही हे कडे वर्षानुवर्षे ‘विरहकृशता, काव्यसंकेत’ म्हणून फळ्यावर लिहीत आलो. त्यापुढच्या श्लोकात कवी म्हणतो की ढग पाहिला की सुखात असलेल्याचेही चित्त ठिकाणावर राहत नाही, मग दूर पडलेल्याचे काय. आणि पाचव्या श्लोकात तर तो थेट सांगतो की ढग म्हणजे धूर, प्रकाश, पाणी आणि वारा यांचे गाठोडे. त्याच्याकरवी निरोप धाडायचा हे सुचते, कारण व्याकूळ माणसाला सजीव-निर्जीव यांतला भेद उरत नाही. म्हणजे कवी यक्षाच्या दुःखात पुरता बुडालेला नाही. तो एक पाऊल बाजूला उभा राहून या माणसाची स्थिती काय आहे हे स्वच्छ सांगतो, आणि मगच पुढची शंभराहून अधिक श्लोकांची यात्रा सुरू करतो. आमच्या व्याख्यानांतून यात्रा उरली होती, ते बाजूला टाकलेले पाऊल गळाले होते.

आमच्या विद्यार्थ्याच्या निबंधातही गळून पडलेले कडे होते. ‘या दिवसांत अन्नाला चव नसते’ असे एक वाक्य होते. त्याखाली आम्ही तांबड्या शाईने रेघ मारून ‘सुंदर’ असे लिहिले होते.

ढगांमुळे तो आजारी पडला असे म्हणणे सोपे होईल, पण ते पूर्ण खरे नाही. त्याचे मन आधीपासून खचत होते. शिवाय त्याच्या आईचा त्या आठवड्यातला फोन त्याला अजून आठवतो : ‘‘चार दिस झाले, आभाय आलं हाये.’’ शहरातल्या वाचकाला हे हवापाण्याचे बोलणे वाटेल. तूर फुलोऱ्यात किंवा शेंगेत असताना आभाळ आले की अळी पडते, फूल गळते. कापूस वेचायचा राहिला असेल तर तो भिजतो. त्या एका वाक्यात वर्षाचा हिशेब होता, मुलाच्या खोलीचे भाडे होते. मळभ या शब्दाचे आकाश आणि मन असे दोनच अर्थ आम्ही शिकवतो. घरातले पैसे हा तिसरा अर्थ कोणत्याही शब्दकोशात नाही, पण आमच्या वर्गातल्या अर्ध्या बाकांना तो पाठ आहे.

तरीही प्रकाशाचा भाग खोटा नाही. १९८४मध्ये अमेरिकेतील नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. रोझेन्थल मूळचे दक्षिण आफ्रिकेतले. उत्तरेकडच्या हिवाळ्यात आपलीच उमेद मावळते हे त्यांनी आधी स्वतःवर अनुभवले होते. हा विकार प्रामुख्याने उत्तरेकडच्या देशांतला. लंडनमध्ये डिसेंबरअखेरचा दिवस आठ तासांचाही नसतो. नागपूर एकवीस अंशांवर असल्याने आमचा सर्वांत लहान दिवससुद्धा पावणेअकरा तासांच्या आसपास असतो. एडिंबरोत स्थायिक झालेली आमची एक जुनी विद्यार्थिनी नोव्हेंबर लागला की सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर बसून चहा घेते. त्या दिव्याचे छायाचित्र तिने पाठवले तेव्हा आम्ही हसलो होतो : उन्हाच्या देशातली मुलगी दिव्याचे ऊन खाते! पण मागच्या बाजूच्या ज्या खोलीत दिवसा ट्यूबलाइट लागते तिथे शे-दोनशे लक्स प्रकाश असतो. ढगाळ दिवशीही उघड्यावर तो काही हजारांत असतो. अक्षांश कोणताही असो, खोलीत पडून राहणारा मुलगा स्वतःपुरता उत्तर ध्रुवाकडे सरकलेला असतो. दुष्टपणा असा की नैराश्य माणसाला नेमके त्या खोलीतच थांबवते.

त्याला तिथून बाहेर काढले ते आम्ही नव्हे, त्या बी. कॉम.च्या मित्राने. आमच्याकडून फार काही होणार नाही हे ओळखून त्याने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले. पहिल्या दिवशी बाहेरच्या बाकावर सोबत बसून राहिला. दुसरी म्हणजे रोज सकाळी सात वाजता त्याला गच्चीवर ओढत नेले. ‘ओढत’ हा त्याचाच शब्द. वर जाऊन काही बोलायचे नाही, योगासने नाहीत, सुविचार नाहीत. टाकीच्या कट्ट्यावर बसायचे, चहा प्यायचा, वर्धा मार्गाकडची वाहने पाहायची. गोळ्या लागू पडायला काही आठवडे गेले. त्या वर्षीची परीक्षा हुकली. पुढच्या वर्षी तो बसला, उत्तीर्ण झाला.

हे ऐकल्यावर आम्हाला ताटीचे अभंग आठवले. नुसते आठवले नाहीत. इतकी वर्षे ते चुकीच्या टोकाने शिकवले असेही वाटले. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीचे दार लावून आत बसले आणि मुक्ताबाईने बाहेर उभे राहून ते उघडायला लावले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. आम्ही त्या अभंगांतले तत्त्वज्ञान शिकवतो : संताची लक्षणे, क्षमा, अद्वैत. प्रसंगाकडे पाहत नाही. चौघा भावंडांत सर्वांत धाकटी मुलगी थोरल्या भावाच्या बंद दारापाशी उभी आहे आणि हलत नाही. भावाच्या अधिकाराचा तिला दरारा नाही, आणि त्याच्या विषादाचे कौतुकही नाही. दार उघड, हे एकच मागणे ती पुन्हा पुन्हा करते. मराठीतल्या विषण्णतेवरच्या एवढ्या लेखनात बंद दाराच्या बाहेरच्या बाजूने लिहिलेले असे दुसरे काही आम्हाला चटकन आठवत नाही. वाचकांना आठवले तर जरूर कळवावे.

‘आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ या छापाचे काही आम्हाला म्हणायचे नाही. पण पावसाळ्याच्या काळोख्या महिन्यांना रूढीने माणसांनी भरून टाकले आहे, हे दिसतेच. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. इडापिडा, रोगराई घेऊन जा म्हणत हजारो लोक ओरडतात आणि ते पुतळे शेवटी जाळतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हे चालत आले आहे. घसा बसेपर्यंत सार्वजनिकरीत्या ओरडण्याची परवानगी देणारे असे काही पौषातल्या ढगांना नाही. तिळगूळ आणि हळदीकुंकू आहे. रथसप्तमीला अंगणात सूर्याचे चित्र काढून दूध उतू घालतात. पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला अंगण कुठले?

आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा या सगळ्यावर आक्षेप आहे आणि तो दुर्लक्षावा असा नाही. ते म्हणतात, असे वाचू लागलात तर कवितेचे रुग्णपत्रक होईल. उद्या ग्रेस शिकवायला डॉक्टर बोलवाल. भीती खरी आहे. ग्रेस यांनी संध्याकाळीला जे दिले ते औषधाने बरे करण्याची गोष्ट नाही, आणि दुःखाची कविता काढून टाकलेला अभ्यासक्रम आम्हाला एक दिवसही शिकवता येणार नाही. दुःखी माणसाला दुःखाची कविता सोबत करते, हे आम्ही स्वतः अनुभवले आहे. पण कविता आणि विद्यार्थी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कवितेतली उदासी घडवलेली असते; तिच्यामागे निवड आहे, खाडाखोड आहे, लय आहे, म्हणजे काम करू शकणारे एक मन आहे. विद्यार्थ्याची उदासी त्याला न विचारता आलेली असते आणि तिच्यात आंघोळही होत नाही. पहिलीचे मोल करण्याची फूटपट्टी दुसरीला लावली, ही आमची चूक. त्याने बरा झाल्यावर आम्हाला जे सांगितले ते असे : ‘‘मॅडम, सर, तुम्ही निबंध वर्गात वाचला ना, तेव्हा वाटलं, मी जसा आहे तेच बरोबर आहे. मग बरं कशाला व्हायचं?’’

कोणत्याही समीक्षकाने आमच्या अध्यापनावर इतके नेमके लिहिलेले नाही.

आमचे मत म्हणून एवढेच की मराठीच्या शिक्षकाने डॉक्टर होऊ नये, पण साध्या मराठीत विचारायला शिकावे. जेवलास का, झोप लागते का, खोलीत ऊन येते का, सोबत कोण आहे. हे प्रश्न फार गद्य आहेत याची आम्हाला कल्पना आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा एक उपक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन त्यांनी लोकांशी मनाच्या आजाराबद्दल बोलावे, एवढीच मुख्य कल्पना. २०१७मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : अठरा महिन्यांत, नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचलेल्यांचे प्रमाण ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. ज्या भाषेत हे संभाषण झाले ती आमच्याच विषयाची भाषा आहे. फक्त आमच्या वर्गाबाहेरची. २०२२पासून ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांकही आहे, त्यावर मराठीत बोलता येते. विभागाच्या सूचनाफलकावर परिसंवादाच्या पत्रिकेशेजारी आम्ही तो लावला. दोनदा कोणीतरी त्यावर दुसरी पत्रिका चिकटवली, दोनदा आम्ही ती काढली.

निबंध आजही ‘संध्याकाळच्या कविता’वर देतो. वर्गात वाचून दाखवण्याआधी लिहिणाऱ्याला चहाला नेतो. बहुतेक वेळा कळते की मुलगा खुशाल आहे आणि पाने कुठूनतरी उतरवली आहेत. तोही एक दिलासा.

तो विद्यार्थी आता एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. या जानेवारीत नागपुरावर तीन दिवस आभाळ होते. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याचा फोन आला. इकडे आभाळ आले आहे, तुमच्याकडे कसे काय, आणि गच्चीवर आहात का, असे त्याने विचारले. आम्ही गच्चीवर नव्हतो. त्याला तसे सांगितले, कप घेतले आणि वर गेलो. तिथे तळमजल्यावरच्या काकू भिजवून वाटलेल्या डाळीचे पातेले घेऊन उभ्या होत्या. मुगवड्या घालाव्या की नाही हे त्यांचे ठरत नव्हते. आज वाळायच्या नाहीत, असे आम्ही म्हटले. त्या म्हणाल्या, ‘‘मग याचे भजेच करते. थांबा तुम्ही वरच.’’